पाच-तीन-दोनचा तिसरा

आता या म्हटलं तर येत नाही का, पप्पा? इतके दिवस मी हाकलत होते, तेव्हा बरे आईच्या शेजारी पाय पसरून बसायचात. आणि आज कुठे आहात?

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत. मिलचं क्वार्टर सुटलं, आम्ही गावातच लालबाग मोहल्ल्यात आलो, आणि या दिवाळीनंतर आईला लकव्याचा झटका आला. उजवा हात जड पडला, तो कसरतीने थोडा सुधरतोय, पण शब्द सटकतात तिचे. चमचा मागायचा तर म्हणते, ‘ते दे ना, ढवळायचं.’ डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी चुकवायची नाही, रोज चालवा, डोक्याला काम द्या, एकटं बसू देऊ नका. मग मी इंदूरची रूम सोडून घरी आले, बुधवाऱ्याच्या बाजारातून पत्त्यांचा कॅट आणला. आईला खेळ एकच येतो, पाच-तीन-दोन. मिलचा भोंगा होईपर्यंत क्वार्टरच्या ओट्यावर आपण तिघं खेळायचो तो.

पहिल्याच दिवशी आई डाव्या हाताने पत्ते वाटते, आणि वाटे करते तीन. म्हटलं गेलं सगळं, पप्पा वारलेत हेच ही विसरली. मी तिसरा वाटा उचलला तर हातावर चापट बसली.

‘आई, आज वार कोणता?’

‘तुझ्या सासऱ्याचा.’

‘मला कुठे सासरा?’

‘तेच तर म्हणते मी.’

मी हसले नाही. ‘पप्पा कुठे आहेत, सांग.’

ती पत्ते लावत होती. ‘मेले. येडी समजते का मला? दोघींत पाच-तीन-दोन होतं का? त्यांचे पत्ते तू टाक. पण इमानदारीने.’

मग रोज हेच. तुमचे हात कमी पडले की पुढच्या डावात तुमचा पत्ता ओढायचा, हे मी विसरायची, ती नाही. तरी मी कुरकुरायची, पप्पांना उठव, दुसरं काही खेळू. कारण तुमच्या वतीने पत्ते टाकता टाकता मीच तुम्ही व्हायची, आणि मतलब, माझ्याशी खेळायला कोणीच उरायचं नाही.

आज सकाळी तिने दोनच वाटे केले. मी थांबले. आठवेल, आठवेल. शेवटी मीच तिसरा केला, तुमच्या जागेवर ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे कोणाचे गं?’

डॉक्टरांना फोन केला. लगेच घेऊन या म्हणाले. आई चप्पल घालून दारात बसलीय, मी रिक्षाची वाट बघत हे लिहितेय. कुठे पाठवायचं नाही म्हणूनच सांगते. तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मलाच तुमचा चेहरा दिसेना. दिसला तो भिंतीवरचा फोटो, हार घातलेला.

रिक्षा आली. तुमचे पत्ते पालथे ठेवलेत, हात लावू नका. चालले मी.