पोपटांच्या पिंजऱ्यासमोर

इंदूर

प्रिय संबोधी,

सप्रेम जयभीम. तुम्ही तिघं पुण्याला सुखरूप पोहोचल्याचं तुझ्या आईने फोनवर ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं. तिच्या मते मी एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडून देतो. आता पहिल्या कानातही काही शिरत नाही, हे ती कबूलच करत नाही. फोन माझ्या कामाचा नाही, म्हणून हे पत्र. कापडाची मिल बंद पडल्यापासून सांवेर रोडच्या या फॅक्टरीत माझी दिवसपाळीची चौकीदारी चालू आहे. बहिरा चौकीदार ठेवणारा मालक इंदुरातच सापडायचा. पण ट्रक आला की खुर्चीखालची जमीन हादरते, तेवढं मला पुरतं. मधल्या वेळात लिहितो आहे.

नंदिनीच्या कानांचं कळल्यापासून तू नीट जेवत नाहीस, हे तू न सांगताही आम्हाला दिसलं. मशीन लावूनही तिला फारसं ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं की तिला हातवारे करू देऊ नका, नाहीतर जीभ आळशी होईल. त्या शिकलेल्या आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. तिने तुला एकदा ‘आई’ म्हणावं असं तुला वाटतं, तसं मलाही वाटतं. पण आठवडाभर घरात ती काही दाखवायला हात उचलायची आणि तू ते अलगद धरून खाली करायचीस, ते मला बघवत नव्हतं. मी बोललो नाही, कारण आई तू आहेस.

मग रविवारी आपण चिडियाघरात पक्षी बघायला गेलो. तुम्ही दोघं आईला घेऊन उसाच्या रसापाशी थांबलात आणि नंदिनीला माझ्याकडे सोपवलंत. तेवढ्या वेळात काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. इमूच्या जाळीपाशी मी नकळत कोपरापासून हात उभा केला, पंजा वाकवला आणि चोचीसारखा तिच्या डोक्यावर टेकवला. पोरगी टक लावून बघत राहिली. मग तिने तस्साच हात केला, आणि इमूकडे बोट दाखवलं. घुबडापुढे मी डोळ्यांभोवती बोटांचे चष्मे केले, बदकांपुढे तळहात एकमेकांवर आपटले. मोर मात्र पिसारा मिटून कोपऱ्यात बसला होता. नंदिनीने माझा शर्ट ओढला. आधी दहाही बोटं पसरून मोर केला, मग गालाखाली हात घेऊन मान कलती केली, आणि मग माझा दंड धरून गदागदा हलवला. मोर झोपलाय, त्याला उठव. संबोधी, तुझी लेक माझ्याशी अख्खं वाक्य बोलली. 

मागाच्या खात्यात मी उमर काढली. शेकडो माग एकदम चालत असताना शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे हातांनी बोलायचो आणि ओठ वाचायचो. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. चिमटीने हवेत ताणून सोडलं की धागा तुटला. तुझ्या जन्माची बातमीसुद्धा मला अशीच मिळाली. निरोप दारापाशी आला, आणि तिथून एका मागावरून दुसऱ्या मागावर, हातांहातांनी माझ्यापर्यंत पोहोचला. शेजारच्या मागावरच्या वासुदेवने आधी कुशीत बाळ जोजवलं आणि मग कानाच्या पाळीला हात लावून डूल दाखवलं. मुलगी. सगळी रांग माझ्याकडे बघून हसत होती. पुढे माझे कान गेले, तेव्हा तूच माझ्याकडून ती बोली शिकलीस, आणि जेवताना आपण आईच्या समोर आईबद्दलच गप्पा मारायचो. ती चिडायची.

मिल बंद झाली आणि ती माणसं पांगली. वासुदेव भाजीची गाडी लावायचा, तोही गेला. तू लग्न होऊन पुण्याला गेलीस. मग माझे हात गप्प झाले. पैशाची ओढाताण सगळ्यांनीच सोसली, तिचं काही नाही. पण आपली भाषा समजणारं गावात कोणी उरलं नाही, याचं दुःख मी कोणाला सांगणार होतो आणि कसं? आणि त्या दिवशी पिंजऱ्यांच्या रांगेत एक चिमुरडी मला त्या भाषेत काम सांगत होती. तिचे उपकार मी कसे फेडू?

नंतर तुम्ही आलात आणि आपण पोपटांपुढे उभे राहिलो. तिथे सगळेच ‘मिठ्ठू, बोल बेटा’ करत होते आणि पोपट कोणालाच भीक घालत नव्हता. नंदिनी तुला हातांनी काहीतरी सांगू लागली. पिंजऱ्याच्या पलीकडे एक गृहस्थ बायकोच्या कानात पुटपुटला, ‘गूँगी है क्या बच्ची?’ त्याला वाटलं, इतक्या लांबून कोणाला ऐकू जाणार. ऐकू कोणालाच गेलं नाही. जावईबापूंनाही नाही. पण ते मी वाचलं आणि तूही वाचलंस. मिलवाल्याच्या पोरीला ओठ वाचता येतात, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. तू नंदिनीचे दोन्ही हात मुठीत घट्ट धरलेस आणि तिच्या तोंडापुढे ‘पो-प-ट, पो-प-ट’ म्हणत राहिलीस. तुझे डोळे भरून आले होते. ती तुझ्या मुठीतून बोटं सोडवत होती. 

आज लिहितो आहे ते तुला दोष द्यायला नाही, आभार मानायला. परवा संध्याकाळी बस सुटत होती. काच बंद, इंजिन चालू, नंदिनी तुझ्या मांडीवर. मी खाली उभा होतो. तू आधी अंगठ्याने तळहातावर गोळी ठेवलीस, मग दोन तर्जन्या एकमेकींवर आपटून बोट हलवलंस. औषध घ्या, आईशी भांडू नका. किती वर्षांनी आपल्या बोलीत बोललीस माझ्याशी. तुझ्या ध्यानातही आलं नसेल, पण नंदिनी तुझे हात बघत होती. मग तिने माझ्याकडे वळून तेच सगळं केलं, भांडू नका सुद्धा, आणि वर डोळे वटारले. बाईंचे धडे चालू ठेव, तिला बोलता आलं तर मी पेढे वाटीन. फक्त उन्हाळ्यात तिला महिनाभर आमच्याकडे पाठव आणि या एका घरात तिचे हात मोकळे राहू देत. तुला जमेल हे मला बसपाशीच कळलं. ती बोलत होती आणि तू तिला अडवलं नाहीस. तुझे स्वतःचे दोन्ही हात माझ्याशी बोलण्यात गुंतले होते.

तुझाच, सुखावलेला
बाबा