दोनशे बारा जणांचं भरीत

पुणे, १२ डिसेंबर १९९९

तीर्थरूप सुपडूभाऊला बन्सीचा पाया पडून नमस्कार.

तू परत तेच लिहिलंस, "नावं जेवतस का रे?" नावं जेवत नाहीत, भाऊ, पण मी खोटं बोललो नव्हतो.

मी झाडपूस करतो त्या इंटरनेटच्या दुकानात आपल्याकडची शिकलेली पोरं येतात. कुंदावहिनीला बाळंतपणासाठी चोपड्याला नेताना नाल्याच्या पुरापाशी गाडी अडली आणि ती गाडीतच गेली, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते कॉम्प्युटरवर लिहिलं. नाल्यावर पूल व्हावा म्हणून काढायच्या मोर्चासाठी दोनशे बारा नावं आली. मला इंग्रजी येत नाही, मी नुसती मोजली. आपल्याकडे नाव दिलेला माणूस पंगतीला येतोच, म्हणून तुला तेवढ्यांचं भरीत करायला कळवलं.

ती नावं अमेरिका, दुबई, बंगलोरची होती, हे मला मागून कळलं.

तू कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजलीस आणि आले ते गावातलेच पाच जण. तहसील कचेरीपुढे तू वहिनीचा फोटो मांडीवर घेऊन बसलास, असं धुरपदाकाकूनं कळवलं. लोक हसले का रे?

पोरं अजून वाचून दाखवतात, "आम्ही सोबत आहोत." मी मान हलवतो आणि फरशी पुसतो.

माझी काळजी करू नको, जेवण वेळेवर होतं. तुझी इंदू शाळेत जाते ना? पावसाळ्यात तिला एकटीला नाला ओलांडू देऊ नको. पुढच्या मोर्चाला मी येतो. एकच माणूस, पण येणारा.

तुझा धाकटा
बन्सी

ता. क. मनीऑर्डर केली आहे. न आलेल्या प्रत्येक नावाचा एक रुपया, माझ्या पगारातून. दोनशे बारा रुपये.