समासातली पेन्सिल

प्रिय खारुताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता मावशींकडून लिहून घेतलाय. मावशी म्हणजे माझ्या मालकीणबाई. लोक जुनी पुस्तकं आणतात, आम्ही ती कोरून त्यांची चित्रं करतो. पानं डिंकाने धरायची, पुस्तक शिकंज्यात आवळायचं आणि बारीक पात्याने एकेक थर उतरवत जायचं. त्यातून झाड निघतं, घर निघतं, कुणाचं मेलेलं मांजर निघतं. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला पुस्तकं फाडायचा पगार मिळतो, हा विनोद माझ्या भावाने करून झालाय. तू नवा शोध.

बरा आहे मी. थकलोय, एवढंच. राग यायचासुद्धा कंटाळा येतो गं आताशा. परवा एक गिऱ्हाईक तयार मोराकडे बघून म्हणालं, यात तुमचं काय, कागद तर आमचाच. पूर्वीचा मी असतो तर तो मोर त्याच्या डोक्यावर बसवला असता. मी नुसतं बरं म्हणालो आणि पाणी प्यायलो. मावशींनी कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

त्यांचा एक नियम आहे. कापणाऱ्याने पुस्तक आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, कळो न कळो. म्हणतात, जाणाऱ्याचं कुणीतरी ऐकून घ्यावं, आपलं काय जातंय. त्यापायी मी कोंबड्यांचे रोग वाचले, एक अख्खा कायदा वाचला, रडक्या कादंबऱ्या तर विचारूच नकोस. वर्गात वाचलं नाही तेवढं स्टुलावर बसून वाचलं.

तुझे बाबा, आमचे सर, गेल्याचं मला फार उशिरा कळलं. यायला पाय उचलला नाही. तो कॉलेजातला दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तू वऱ्हांड्यातून जात होतीस, मी बघत होतो, आणि सर भर वर्गात म्हणाले की खिडकीचा अभ्यास संपला असेल तर फळ्याकडे यावं. सगळे खो खो हसले. मी वह्या उचलल्या आणि चालता झालो, तो कायमचाच. तू म्हणालीस माफी माग, मी म्हटलं आधी ते मागतील. बास, एवढ्यावर आपलं मोडलं. आता आठवलं की वाटतं, दोन माणसं मोडायला याहून मोठं कारण तरी असायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तुझी आई, आमच्या काकू, दुकानात आल्या. माझ्या तोंडाला धुळीचं फडकं होतं, त्यांनी ओळखलं नाही. पिशवीतून सरांचं ते पूल बांधण्याचं जाडजूड पुस्तक काढलं आणि म्हणाल्या, लेकीचं लग्न ठरलंय. यातून एक पूल कोरायचा, त्यावर दोघं उभी. नव्या घरात वडिलांची आठवण राहील, पण तिला आत्ता कळता कामा नये. वर म्हणाल्या, बाळा, मुलगा जरासा बुटका आहे, तेवढं सांभाळून घे हं. मी मान डोलावली. फडक्याआड काय झालं ते फडक्यालाच ठाऊक.

मग वाचायला बसलो. सरांनी समासात पेन्सिलीने शिकवायची टिपणं केलीत. इथे मुलं जांभया देतात, दारं उघडणे. हे उदाहरण अवघड, आधी घरी खारुताईला समजतंय का बघणे. एका ठिकाणी लिहिलंय, इथे मागच्या बाकाला हसवणे, नाहीतर तो निघून जाईल. ते माझ्यासाठी नाही, पेन्सिल फार जुनी आहे, कुठल्यातरी दुसऱ्याच मागच्या बाकासाठी असेल. तरी त्या पानावर मी बराच वेळ बसलो.

आता अडचण अशी की पातं बाहेरच्या कडेनेच आत शिरतं, आणि सरांची पेन्सिल सगळी तिथेच आहे. कापलं की ती भुगा होऊन केरात जाणार. काकूंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, खरडायची सवयच होती त्यांना, जाऊ दे, पूल तेवढा छान कर. दुसरी एक रीत आहे. न कापता पानं नुसती दुमडायची, उलगडलं की पुस्तक पुन्हा जसंच्या तसं. पण दुमडीत नाजूक काम जमत नाही. पूल होईल, त्यावर माणसं उभी राहणार नाहीत, तूही नाही आणि तोही नाही. तू म्हणशील, हा याचाच डाव. खरं सांगू, मलाही माझा भरवसा वाटत नाही. म्हणूनच मनाने काही केलं नाही. शेवटचं पान वाचायचं ठेवलंय, तोवर मावशी पात्याला हात लावू देणार नाहीत.

तेव्हा काकूंना दिलेला शब्द मोडून तुला कळवतोय. पुस्तक तुझ्या बाबांचं आहे. कापू की दुमडू, एका ओळीत लिही, सांगशील तसं करीन, आणि दोघांना उभं कर म्हणालीस तर हात कापू देणार नाही. उत्तर फक्त पुस्तकाचं दे. बाकी मी काही विचारलेलं नाही.

लिहायचा हक्क उरला नाही तरी, तुझाच
भडकू