गुतारेनीचं मत

गुतारेनी, २५ ऑगस्ट २०२४

चि. औरिकाला बाबांचे अ. उ. आ.

मी आणि तुझी नास्तासिया आत्या खुशाल आहोत, गायही खुशाल आहे. गुरुवारच्या गाडीने पार्सल पाठवतो आहे. मेंढीच्या दुधाचं चीज, अक्रोड आणि आत्याने केलेला आलुबुखाराचा मुरंबा. बरणी आडवी ठेवलीस तर गाठ माझ्याशी आहे, असं ड्रायव्हर पेत्रिकाला बजावलं आहे. पोचल्याचा फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर मला काही ऐकू येत नाही, नुसतं तुझं तोंड हलताना दिसतं आणि मी उगाच मान डोलावतो. मागच्या खेपेला म्हणे मी गाय विकायलाच होकार देऊन बसलो.

ऑक्टोबरात इथे मतदान आहे. आपल्या मोल्दोव्हाने युरोपच्या संघात जावं की नाही, हे लोकांना विचारणार आहेत. माझं उत्तर आत्ताच ऐक: नको. विहिरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मी तेच सांगतो. दार नुसतं किलकिलं झालं तर निम्मं गाव गेलं. मुलं नाहीत म्हणून बालवाडीला कुलूप लागलं. ते दार उद्या सताड उघडलं, की मागे राहणार मी, नास्तासिया आणि गाय. नास्तासियाचाही भरवसा नाही.

हवा बदलते आहे, गळ्याला काही गुंडाळत जा. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
बाबा

*

पादोव्हा, इटली, १४ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मुरंबा उभा पोचला आणि उभ्या उभ्याच संपला. मी सांभाळते त्या सिन्योराबाईंनी चमचा चाटून पुसून ठेवला. नव्वदी ओलांडली तरी बाई खायच्या बाबतीत तरुण आहेत.

बाबा, रागावू नका, पण मी गेले ती दार उघडं होतं म्हणून नाही. घरात काही उरलं नव्हतं म्हणून गेले. सतरा वर्षं झाली. मी परक्यांच्या म्हाताऱ्यांना भरवते, न्हाऊ घालते, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, आणि माझा स्वतःचा म्हातारा एकटा मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळत बसतो. रात्री हे आठवलं की मला झोप लागत नाही.

म्हणून एक ठरवलं आहे. आपली बंद बालवाडी आहे ना, तिथे गावातल्या म्हाताऱ्यांसाठी घर काढायचं. दिवसभर यावं, गरम सूप घ्यावं, रक्तदाब तपासून घ्यावा, भांडावं आणि संध्याकाळी आपापल्या घरी जावं. हे काम मला येतं. पण देश कुठल्या वाटेला लागणार हेच ठाऊक नसेल, तर मी इथलं सगळं सोडून कशाच्या भरवशावर यायचं? तेव्हा ऐका. 'हो' आलं, तर ईस्टरला मी कायमची घरी. 'नको' आलं, तर मी इथलं नागरिकत्व घेणार आणि तुम्हालाच इकडे आणणार.

आत्याला नमस्कार. तुमची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
औरिका

*

गुतारेनी, ६ ऑक्टोबर २०२४

चि. औरिकाला अ. उ. आ.

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुलीने बापाला लाच द्यावी, आणि तीही स्वतःचीच! या गावात मी आयुष्यभर निवडणूक समितीवर बसलो. साखरेच्या पोत्यापासून दारूच्या बाटलीपर्यंत सगळं दाखवून पाहिलं लोकांनी, पण असली लाच कोणी दाखवली नव्हती.

तू काय समजतेस, तू यावंस असं मला वाटत नाही? वाटतं. रोज वाटतं. पण मनाला पटत नाही त्यावर शिक्का कसा मारू? आणि जे पटतं त्यावर मारला, तर माझ्याच हाताने तुला तिकडे डांबल्यासारखं होईल. इकडे आड, तिकडे विहीर. पादोव्हाला मी मुळीच येणार नाही. तिथे गाय कुठे बांधू?

द्राक्षं तोडून झाली. यंदाची दारू चांगली होणार, पण प्यायला माणसं हवीत. सिन्योराबाईंना माझा नमस्कार सांग.

आशीर्वाद आहेतच.
बाबा

*

गुतारेनी, २२ ऑक्टोबर २०२४

चि. औरिकाला आत्याचे आशीर्वाद.

तुझा बाप दोन दिवस नीट बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. रविवारी निम्मा देश 'नको' जिंकलं असं धरून झोपला आणि सोमवारी उठून बघतो तर 'हो'! तेही अगदी केसाच्या अंतराने. तुम्हा बाहेरच्यांची मतं शेवटी मोजली म्हणे, त्यांनीच पारडं फिरवलं. आपल्या गावात मात्र 'नको'च पुढे आहे. तुझ्या बापाने उन्हाळाभर घसा कोरडा केला, त्याचं फळ.

एक गंमत सांगते. मोजताना एक कागद असा निघाला, की त्यावर शिक्काच नाही. 'हो' आणि 'नको' दोन्ही पेनाने खोडलेलं! सोव्हिएत काळात नको ते पेनाने खोडायचो, आठवतं? तसंच. मत बाद झालं आणि सगळे पोट धरून हसले, की कोणत्या म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून ते राज्य चालू आहे. तुझा बाप तेवढा हसला नाही. मुळात शिक्का कसा मारायचा हे आम्हा बायकांना त्यानेच शिकवलेलं. घरी आला आणि सूप वाढ म्हणाला.

तू ये बाई. आणि मला लोकरीचे मोजे आण.

तुझी,
नास्तासिया आत्या

*

पादोव्हा, २ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना सा. न.

मतदानाच्या रविवारी सिन्योराबाईंना शेजारणीकडे सोपवून मी मत द्यायला गेले. रांग चौकापर्यंत होती. पुढे आपल्याकडच्या सोरोकाची बाई, मागे काहूलची, आणि सगळ्यांच्या हातात घरून आणलेल्या प्लाचिंता, त्या सारणाच्या पोळ्या. कोबीच्या बऱ्या की चीजच्या, यावर भांडत आम्ही आत पोचलो. निकाल कळला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

मग आत्याचं पत्र आलं आणि पाय थांबले. देश 'हो' म्हणाला, पण माझं गाव 'नको' म्हणालं. उद्या मी बालवाडीचं कुलूप काढायला गेले, तर लोक म्हणतील, हीच ती, दुरून आमच्यावर लादणारी. ज्यांना मी नको आहे त्यांना सूप कसं वाढू? शब्द दिला होता, तो मोडावासा वाटत नाही, पण खरं सांगते बाबा, मी घाबरले आहे. इथेच राहावं असं मनात येतंय. तुम्ही काय म्हणता ते कळवा. या वेळी तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमच्या मायेची भुकेली,
औरिका

*

गुतारेनी, १७ नोव्हेंबर २०२४

चि. औरिकाला बाबांचे खूप खूप आशीर्वाद.

तो कागद माझा होता. पडद्यामागे उभा राहिलो, शिक्का हातात घेतला. 'नको'वर न्यावा तर तू डोळ्यांसमोर. 'हो'वर न्यावा तर मला माझीच लाज वाटायला लागली. बाहेर लोक खाकरायला लागले. शेवटी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही खोडलं. जन्मभर दुसऱ्यांची बाद मतं बाजूला काढली, म्हातारपणी स्वतःचंच बाद केलं. युरोपचं मला अजून पटलेलं नाही आणि ईस्टरला त्यावरून मी तुझ्याशी भांडणार आहे.

पण तू लोकांचं लिहिलंस, ते मात्र खोटं आहे. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी उभा राहिलो आणि तुझ्या म्हाताऱ्यांच्या घराचं सगळ्यांना सांगितलं. मग वासिलीने विचारलं, सूपात कोंबडी असणार का? तो माझ्याहून कडवा 'नको'वाला. त्याच्यामागून अग्रिपिनाने विचारलं, गुडघ्यांचं काही करणार का? मग जो तो विचारू लागला. काल सरपंचाकडून किल्ली आणली आणि आम्ही 'नको'वाल्यांनीच बालवाडी झाडली. खुर्च्या मुलांच्या आहेत, वासिली एकीत बसला तो उठेचना. दोघांनी ओढून काढला.

देशाला काय हवं, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मला काय हवं, ते ठरवायला पडद्यामागे जावं लागत नाही. ये.

तुझी वाट पाहणारा,
बाबा