लेखकाचे कान

४ जानेवारी. सकाळ.
आमंत्रण आलं! किशोरांचा पुस्तक महोत्सव, याच महिन्याच्या चोवीस तारखेला. माझ्या कादंबरीवर माझी जाहीर मुलाखत. संयोजक बाईंचा फोन होता. आधी त्यांनी दुसऱ्याच एका लेखकाचा नवा नंबर माझ्याकडे आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरं, मग तुम्ही मोकळे आहात का? आमंत्रण द्यायची किती नाजूक पद्धत.
लेकीला सांगितलं. ती पंधरा वर्षांची आहे. तिने खोलीचं दार लावून घेतलं. या वयात आनंद असाच व्यक्त होतो. माझ्या कादंबरीत यावर अख्खं प्रकरण आहे.
संकल्प: रोज चालायला जाणे. मुलांची आजची भाषा शिकणे. कादंबरीचा भाग दोन महोत्सवाआधी हातावेगळा करणे. आज उशीर झालाय. उद्यापासून.

६ जानेवारी.
भाग दोन अडलाय. कारण निव्वळ तांत्रिक. पहिला भाग लिहिताना माझं टेबल बाल्कनीच्या दाराशी होतं आणि लेक बाल्कनीत बसून मैत्रिणीशी फोनवर बोलायची, तेही स्पीकर लावून. मी ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं. दोन्हींत फरक आहे.
पुस्तक आल्यापासून ती फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन बसते. म्हणून टेबल त्या बाजूच्या खिडकीशी ओढलं. काही उपयोग नाही. ती बोलतच नाही कुणाशी, नुसती स्क्रीनकडे बघत बसते. वॉचमनचा रेडिओ तेवढा ऐकू येतो. दिवसभरात दोन पानं झाली. दोन्ही वॉचमनवर.
चालणं: कंबर धरलीय. टेबल जड आहे.

९ जानेवारी.
लेकीची ती मैत्रीण हल्ली घरी येत नाही. लांब वेणी, दातांना तारा, आली की बिस्किटांचा डबा रिकामा. काही बिनसलंय का, असं बायकोला विचारलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, तुझ्या पुस्तकातलं पान एकशे बारा वाच.
वाचलं. नायिकेची मैत्रीण नायिकेला सांगते की आपले बाबा जहाजावर असतात हे सगळं खोटं आहे; ते याच गावात दुसऱ्या बाईबरोबर राहतात आणि रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. हे कुणाला सांगू नकोस, म्हणते. मग दोघी रडतात. मलाही रडू आलं. काय पान आहे!
बायकोला म्हटलं, थँक्यू. तिने इस्त्री जरा जोरात आपटली. कामाचा ताण असणार. दातांच्या दवाखान्यात दिवसभर रिसेप्शनवर बसते बिचारी.
तसं ओळख पटू नये म्हणून मी सगळी काळजी घेतलेली आहे. खऱ्या मैत्रिणीच्या दातांच्या तारा काढून पुस्तकात चष्मा दिला. तिचे बाबा परदेशात असतात असं ती सांगायची, मी त्यांना जहाजावर चढवलं. नायिकेच्या आणि लेकीच्या नावात तर एका वेलांटीचा फरक आहे.

१३ जानेवारी.
भाषेचा अभ्यास सुरू. लेकीला म्हटलं, माझ्या पुस्तकाबद्दल तुमच्या भाषेत एका शब्दात सांग. ती तोंड वाकडं करून म्हणाली, क्रिंज. अर्थ विचारला नाही. लेखकाने अर्थ चेहऱ्यावरून ओळखायचा असतो. पोटात काहीतरी खोल ढवळून निघतं, ते बहुधा क्रिंज. मुलाखतीत वापरणार.
पहिल्या रांगेत बसायला येशील ना, असंही विचारलं. तिने विचारलं, माझं नाव घेणार का तिथे? मी म्हटलं, नाव नाही गं, फक्त ‘माझी लेक’ म्हणेन आणि तुझ्याकडे हात करेन. म्हणाली, मग नाहीच येत. हा विनय तिच्यात आईकडून आलाय.

१७ जानेवारी.
आनंदाची बातमी. बाईंचा फोन. माझी मुलाखत महोत्सवाच्या वाचक मंडळातली एक मुलगी घेणार आहे. पुस्तकं वाटून घेताना तिने माझ्याच पुस्तकाचा हट्ट धरला म्हणे. दुसऱ्या कुणाला हातच लावू देईना. बाई म्हणाल्या, पेन्सिलने किती खुणा केल्यात पोरीने!
हे आहे माझं वाचकाशी नातं. प्रकाशकाला लगेच कळवलं.
भाग दोन: शीर्षक तयार.

२३ जानेवारी.
प्रकाशकाचा मेसेज. उद्या स्वतः येणार आहेत. मुलांचा प्रतिसाद बघून भाग दोनचं ठरवू म्हणतात. ठरवू म्हणजे? मी यांना सांगून बसलोय की भाग दोन जवळजवळ झालाय. पहिला भाग गोडाऊनमध्ये पडून आहे, हे त्यांनी मेसेजमध्ये दोनदा लिहिलंय. पहिल्यांदा चुकून असेल.
झोप लागत नाहीये. चहा जास्त झाला. उद्या काही झालं तरी जिंकायचंच. नोकरी सोडली ती काय वॉचमनवर दोन पानं लिहायला?
जेवताना लेकीला पुन्हा म्हटलं, ये ना गं, एकदाच. ती ताटातून उठली. बायको म्हणाली, तिला जरा एकटं सोड. मी म्हटलं, एकटीच तर असते ती हल्ली. यावर बायको माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच भाजी वाढून घेतली.

२४ जानेवारी. दुपार.
महोत्सव एका शाळेत आहे. लेखकांना जीवशास्त्राच्या लॅबमध्ये बसवलंय. स्टुलांना पाठ नाही. समोर बरणीत बेडूक. गळ्यात घालायला बिल्ला दिला, त्यावर ‘पालक’ छापलंय. बदलून मागितला तर बाई म्हणाल्या, ‘लेखक’ संपले.
पण हॉल भरलाय! दोनदा डोकावून आलो. मुलं खाली जमिनीवरसुद्धा बसलीयत. पुढची अख्खी रांग लेकीच्या वर्गातली. प्रकाशक तिसऱ्या रांगेत, चक्क हसतायत. शेवटी पुस्तक पोहोचलंच म्हणायचं.

२४ जानेवारी. संध्याकाळ.
क्रमाने लिहितो.
मुलाखत घेणारी मुलगी चुणचुणीत. केस कापलेले, दात एकसारखे, आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा. सुरुवातीलाच मी म्हटलं, ही कादंबरी लिहिताना मला स्वतःलाच फार क्रिंज झालं. हॉल डोक्यावर घेतला मुलांनी. शिट्ट्या, टाळ्या. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.
मग तिने पुस्तक उघडलं. म्हणाली, पान एकशे बारा. (बघा, हिलाही तेच आवडलं!) म्हणाली, या मुलीने हे फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं. मग ते लेखकापर्यंत कसं पोहोचलं? मी म्हटलं, कल्पनाशक्ती. ती म्हणाली, नाही सर, असं कल्पनेने सुचत नाही. मैत्रिणीनेच सांगितलं ना तुम्हाला?
तिसऱ्या रांगेत प्रकाशकांच्या कपाळावर आठी. माझी कल्पनाशक्ती अशी चारचौघांत काढतात? आणि माझी कादंबरी काय कुणाच्या चहाडीवर लिहिली गेली? म्हणून जरा जोरातच म्हणालो. छे छे, मला कुणी कशाला सांगेल? माझी लेक तर मला काहीच सांगत नाही. आज शाळेत काय झालं, तेसुद्धा नाही. पण लेखकाचे कान तयार असतात, बाळ. ती बाल्कनीत फोनवर बोलत होती, मी आत टेबलाशी होतो, पेन हातात होतं. तिला पत्ताही नव्हता. पुस्तक छापून आलं तेव्हा कळलं तिला!
म्हटलं, आता टाळ्या.
नाहीत. मुलीने पुस्तक मिटलं. म्हणाली, थँक्यू सर, मला एवढंच विचारायचं होतं. आणि माइक टेबलावर ठेवला. अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता. संयोजक बाईंनी धावत येऊन, पाहुण्यांना भेट दिलेल्या रोपांच्या देखभालीवर सूचना केल्या. प्रकाशक चहाला थांबले नाहीत. त्यांना गर्दी सोसत नाही.
मग सह्या. एकटी तीच आली, तिची प्रत घेऊन. मी विचारलं, कुणाच्या नावाने देऊ? ती म्हणाली, काका, मी आहे.
तारा काढल्यात. वेणी कापलीय. माझ्या घरात बसून वर्षानुवर्षं बिस्किटं खाल्लेली मुलगी इतका वेळ समोर बसली होती.
म्हणाली, काका, वर्गात सगळ्यांना कळलं. माझ्या बाबांना काय काय म्हणतात आता. मला वाटलं, तिनेच सांगितलं तुम्हाला. ती रोज मेसेज करायची, मी नाही सांगितलं, शपथ. मी उत्तरसुद्धा दिलं नाही.
मी सही केली. माझंच नाव चुकलं.
मागे दाराशी लेक उभी होती. आलीच होती म्हणजे. बायकोबरोबर. ही मुलगी पळतच गेली तिच्याकडे. मी हात केला. कुणी बघितलं नाही.

२५ जानेवारी.
प्रकाशकाचा मेसेज. भाग दोन तूर्त नको. ज्येष्ठ नागरिकांसाठी काही लिहून बघा, तुम्हाला जमेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.
उत्तर लिहिलं, कडक. पाठवलं नाही. नेटवर्क नव्हतं. नंतर आलं, पण तरी.
बायकोला विचारलं, तुला माहीत होतं हे सगळं? ती म्हणाली, तुलाही माहीत होतं. मी म्हटलं, मला कसं माहीत असेल? ती दवाखान्यात निघून गेली.
चालायला गेलो. खरंच गेलो. बराच लांब.

३१ जानेवारी. संध्याकाळ.
ती आली. खालूनच दोघींचा आवाज जिन्यात घुमत होता. मला बघून म्हणाली, काका, आहात का? मी म्हटलं, आहे. बाल्कनीच्या दाराशी कागद घेऊन बसलो होतो, तिथेच बसून राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी?
दोघी बाल्कनीत गेल्या. थोड्या वेळाने लेक आत आली. म्हणाली, बाबा, तुला इथून ऐकू येतं ना? मी म्हटलं, नाही. ती उभीच राहिली. मग म्हटलं, येतं. सगळं येतं.
म्हटलं, मी पंखा लावतो.
म्हणाली, मोठा लाव. आणि दार ओढून घेतलं.
पाचवर ठेवलाय. कागद उडतायत, दात वाजतायत. बाहेर दोघी कशावरून तरी हसतायत, बहुतेक. बायको कामावरून आली. म्हणाली, या थंडीत पंखा? मी म्हटलं, उकडतंय. तिने बाल्कनीच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्वेटर आणून दिला आणि स्वतः शाल गुंडाळून समोर बसली.