उजव्या हाताच्या पिचरचा डावखुरा फोटो

प्रति,
मा. प्रसिद्धी अधिकारी (श्रीमती वर्ना ट्रॅस्क),
ग्रँड रिव्हर हेरन्स बेसबॉल संघ,
वसंत सराव शिबिर, लेक ओसाबी, फ्लोरिडा.

विषय : फोटो-दिवसाचा पास नाकारल्याबाबत आणि गतवर्षीच्या कटाची चौकशी होण्याबाबत.

संदर्भ : १) माझी तक्रार, दि. ९ जुलै १९८७.
२) आपले दोन ओळींचे पत्र, दि. ३ फेब्रुवारी १९८८ (सही वाचता येत नाही, मुद्दाम तशी केली असावी).

महोदया,

१. मी डेलमर प्रुइट, वय ६१, बेसबॉल कार्डांसाठी खेळाडूंचे फोटो काढतो. गेली बावीस वर्षे आपल्या शिबिरातल्या फोटो-दिवशी माझा कॅमेरा तिसऱ्या बेसजवळ लागतो. सकाळी सातला रांग सुरू होते आणि एका खेळाडूला दीड मिनिट मिळते. तेवढ्यात टोपीची सावली डोळ्यांवरून हटवायची, पोट आत घ्यायला लावायचे आणि अवघडून उभ्या राहिलेल्या माणसाचा खेळाडू करायचा, हे येरागबाळ्याचे काम नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरला मी एकच सांगतो, "चेंडू कानाच्या वर." त्याने खांदा मोकळा दिसतो आणि कोवळे ऊन बरोबर बोटांवर पडते.

२. यंदा मला "जागेअभावी" पास नाही. मी कुंपणाबाहेरून पावले मोजली आहेत. तिसऱ्या बेसजवळ सदतीस पावले जागा मोकळी आहे. तिथे लिंबूसरबताचा गाडा लावणार असल्याचे माळी सांगतो. माळ्याला हे कोणी सांगायला सांगितले, हा वेगळा प्रश्न आहे.

३. खरे कारण आपणांस ठाऊक आहे. गतवर्षी २ मार्च रोजी एलादिओ किन्योनेस, जर्सी क्र. ८३, हा उजव्या हाताचा पिचर उजव्या हातात ग्लोव्ह आणि डाव्या हातात चेंडू घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी फोटो काढला. जूनमध्ये कार्ड छापून आले आणि गावभर माझी शोभा झाली. आमचा न्हावी भर दुकानात म्हणाला, "डेलमर, भांग कुठल्या बाजूला पाडू? तुला विचारून उपयोग नाही म्हणा." मी केस न कापता उठलो.

४. हा कट असल्याचे पुरावे येणेप्रमाणे. किन्योनेसकडे डावखुऱ्याचा, म्हणजे उजव्या हातात चढणारा ग्लोव्ह नव्हता. रांगेत मागे उभ्या असलेल्या डावखुऱ्या ब्रँट ओस्टरहाउसचा त्याने मागून घेतला, म्हणजे दोघांचे संगनमत. पिचिंग प्रशिक्षक चार पावलांवर पाठ करून उभे होते. नेमकी तेव्हाच पाठ का केली? फोटोत किन्योनेसचा खालचा ओठ दाताखाली आहे आणि दाबलेले हसू मला ओळखता येते. शिवाय संघाचे चिन्ह म्हणून बगळ्याचा पोशाख घातलेला आपला इसम त्या सकाळी दोनदा माझ्यामागून गेला. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. सबब विनंती की, यापुढे प्रत्येक पिचरने फोटोआधी माझ्यासमोर पाच चेंडू टाकून आपला हात सिद्ध करावा, तसे शपथपत्र द्यावे, आणि चौकशीच्या वेळी बगळ्याने डोके काढून हजर राहावे.

५. येथपर्यंतचा मजकूर मंगळवारी लिहिला. तो खोडत नाही. अर्ज करणारा माणूस कसा आहे ते आपणांस कळलेले बरे. बुधवारी किन्योनेसचा लेखी कबुलीजबाब घ्यायला गेलो. माझ्या जुलैमधल्या तक्रारीनंतर "खेळाची टिंगल केली" म्हणून आपण त्याला काढले. तेव्हापासून तो संत्री भरण्याच्या शेडमध्ये खोकी उचलतो. त्याने मला खोक्यावर बसवले, आपल्या थर्मासमधली कॉफी दिली आणि मी कागद काढायच्या आत म्हणाला, "माफ करा, मिस्टर प्रुइट. त्या सकाळी दात घासायलासुद्धा हात वर जात नव्हता. तुम्ही म्हणालात, चेंडू कानाच्या वर. मागे प्रशिक्षक उभे, आणि आठवड्यानं कुणाला घरी पाठवायचं ते ठरणार होतं. म्हटलं, डाव्या हातानं करू. लोक हसतील आणि विसरून जातील."

६. मी विश्वास ठेवला नाही. दवाखान्याचा कागद मागितला. त्यावर उजव्या खांद्याच्या दुखापतीची नोंद आणि ३ मार्चची तारीख आहे. ती खाडाखोड केलेली नाही, मी उजेडात धरून पाहिली. मग घरी येऊन फोटो मोठा केला. बाकीचे खेळाडू जाकिटे घालून कुडकुडत होते आणि याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ओठ पांढरा पडलेला आहे. ते हसू नव्हते. माणसांचे चेहरे पाहणे हाच माझा धंदा, आणि कळवळणाऱ्या माणसाला मी थट्टेखोर ठरवून बसलो. मला माझी लाज वाटते.

७. सबब माझी ९ जुलैची तक्रार मी मागे घेत आहे. शिबिरानंतर आपण त्याला खालच्या संघात पाठवले होते, तिथे जूनपर्यंतच त्याचा हात बरा झाला होता. आता तो रोज संध्याकाळी शेडमागच्या भिंतीवर चेंडू टाकतो. बुधवारी मी शंभर मोजले. मला पाहून जोर लावत असेल असा संशय आला, म्हणून गुरुवारी ट्रकमागे लपून पुन्हा मोजले. एकशेचाळीस टाकले, सगळे उजव्या हाताने. त्याला शिबिरात एकदा बोलावून पाहावे. प्रुइटचे आता कोणी का ऐकावे, असे आपण म्हणाल. ऐकू नका, त्याचा हात पाहा. पासबद्दल माझे काही मागणे उरलेले नाही.

८. एक गोष्ट राहिली. आपल्या कार्यालयाने त्याला तक्रारदाराचे नाव सांगितलेले नाही. "कुणीतरी वर कळवलं," एवढेच तो म्हणाला आणि त्याने मला आणखी एक कप कॉफी ओतली. मी ती प्यायलो आणि काही बोललो नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

डेलमर प्रुइट
शुक्रवार, दि. १२ फेब्रुवारी १९८८

सोबत : १) दवाखान्याच्या कागदाची प्रत (किन्योनेस यांच्या परवानगीने).
२) मोठा केलेला फोटो. कृपया ओठ पाहावा.

प्रत माहितीसाठी : श्री. एलादिओ किन्योनेस, संत्र्यांची शेड क्र. २. टपालाने नाही, मी स्वतः नेऊन देईन आणि त्यांचे वाचून होईपर्यंत थांबेन.