कोरड्या बुटांची मोजणी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. सत्काराची पत्रिका मिळाली. तिच्यावरचा फोटोही पाहिला. हातात बादली, मागे आमचं तळं, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली पहिली गोगलगाय जणू तूच घडवलीस. पदक घेताना पोट तेवढं आत ओढ.

गोगलगायींबद्दल माझी काही तक्रार नाही. तू सोडलेल्या त्या टोकदार शंखांच्या गोगलगायी तुझ्यापेक्षा कितीतरी कामसू आहेत. कल्पनाही चांगली होती, ते मान्य. गोल गोगलगायींच्या अंगात रोगाच्या अळ्या वाढतात आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात. म्हणून त्याच पाण्यात टोकदार सोडायच्या, त्यांनी शेवाळ आधी फस्त करायचं, जागा बळकावायची, आणि गोल बिचाऱ्या उपाशी मरायच्या. विष नाही, मारामारी नाही. फक्त त्याला वर्षं लागतात, आणि तुला टाळ्यांची घाई.

गोल किती उरल्या त्याच्या मोजणीला तू आलास तेव्हा मी तिथेच होते. जाळी घेऊन धुण्याच्या पायऱ्यांवर उभा राहिलास, कारण तिथे फरशी आहे आणि तुझे बूट नवे होते. रोज साबणाचं पाणी जातं तिथे. गोल काय नि टोकदार काय, त्या पायऱ्यांवर एकही गोगलगाय टिकत नाही. लव्हाळ्यात, गुडघाभर चिखलात उतरायला हवं होतं. मी तसं म्हटलं, तर हसून म्हणालास, ताई, तुझं शाळेतलं जीवशास्त्र वेगळं. मग 'तळं रोगमुक्त' असा अहवाल गेला, आणि 'पाण्यात उतरू नका' ही पाटी तू स्वतःच्या हातांनी उपटलीस. त्याचाही फोटो काढून घेतलास! लहानपणी शाळेच्या वाटेवर ओढा आला की मी तुला पाठुंगळी घ्यायचे, आणि पलीकडे पोचल्यावर तू सगळ्यांना सांगायचास, 'मी ओढा ओलांडला.' तेव्हा मला हसू यायचं. आता किळस येते.

सत्काराला मी येणार नाही. तुझ्या भाचीला, जिला तू पोहायला शिकवलंस आणि लाडाने बेडकी म्हणतोस, त्याच अळ्यांमुळे लघवीतून रक्त जातंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, ती बरी होईल. पण पुन्हा त्या पाण्यात गेली तर पुन्हा तेच. आणि ती जाते, लव्हाळ्याच्या बाजूनेच. मी ओरडले, दाराला कडी घातली, तिच्यासमोर रडलेही. ती शांतपणे सांगते, मामा म्हणालाय पाणी चांगलं आहे, मामाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पाटी मी परत लावली होती. तिने ती उपटली, अगदी तुझ्यासारखी. म्हणून हे पत्र. माफी वगैरे मला नको, ती तुझ्यापाशीच ठेव. बेडकीला चार ओळी लिही. मामाने लव्हाळ्यात मोजलंच नव्हतं, एवढंच लिही, पण तुझ्या अक्षरात लिही. माझ्यावर तिचा विश्वास नाही रे.

नाइलाजाने का होईना, तुझीच
ताई